तीन दिवस खारं पाणी

लिहू की नको असं करत हे जवळजवळ चार वर्षं लांबवलं. आता २०१९ संपत आलंय, लिहून टाकतो. आधीच सांगतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. नुसता अविश्वास नाही, मला या गोष्टींचा राग आहे. आणि त्या रागाला कारण आहे.

मी बारा वर्षांचा असताना माझ्या धाकट्या बहिणीला कावीळ झाली. ती आठ वर्षांची होती. आमचं गाव साताऱ्याकडचं, तालुक्याला सरकारी दवाखाना होता. पण आई तिला देवऋषाकडे घेऊन गेली. त्याने अंगारा दिला, दोरा बांधला. नवव्या दिवशी ती गेली. तेव्हापासून मी कुठल्या देवाला हात जोडलेला नाही. लग्नानंतर घरात देव्हारा ठेवला नाही. मेधाने, माझ्या बायकोने, ते मान्य केलं.

आम्ही डब्लिनमध्ये ब्लँचर्डस्टाउनला राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. २०१६च्या फेब्रुवारीची गोष्ट. आई सहा महिन्यांसाठी आली होती. मुलगी सई तेव्हा पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही पक्क्या आयरिश उच्चारात. आजी आल्यापासून तेवढी घरात मराठी बोलायला लागली होती.

एका शनिवारी सकाळी किचनच्या खिडकीत काचेचा एक बोल दिसला. आत पाणी, कडेला तीन शिंपले, शेजारी मेणबत्ती.

"हे काय आहे?"

सई म्हणाली, "समुद्राचं पाणी. काल बसने जाऊन डॉलीमाउंटच्या किनाऱ्यावरून आणलं. थंडी सरायला लागली की ठेवायचं असतं. बाबा, आय ॲम अ पेगन."

मी हसलो. हसायला नको होतं. "म्हणजे नक्की कशावर विश्वास आहे तुझा? एका वाक्यात सांग."

ती विचार करत म्हणाली, "विश्वास असा नाही... मी काही दिवस पाळते. समुद्र, झाडं, ऋतू यांना मान देते. ते मला खरं वाटतं. नाव द्यायचं तर हे जवळचं आहे. अजून मी—"

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. तेवढ्यात आई मध्ये पडली. "आरं, आपण वढ्याकाठच्या म्हसोबाला निवद दावतो, त्येला काय म्हंत्यात मग? पोरगी येगळं काय करतीया?"

हे वाक्य आईच्या तोंडून! माझं डोकं फिरलं. मी बोल उचलला, पाणी सिंकमध्ये ओतलं, शिंपले कचऱ्यात टाकले. म्हणालो, "पाणी आहे हे. नुसतं पाणी." सई वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहाचा पहिला घोट थुंकला. "ल्येका, मीठ घातलंस का काय चहात?"

मी चव घेतली. खारट. केटल धुऊन पुन्हा पाणी उकळलं, तरी खारट. शेवटी नळाखाली ओंजळ धरली. थोडंसं मचूळ वगैरे नाही... पोहताना नाकातोंडात जातं तसं, अस्सल समुद्राचं पाणी. मेधानेही चाखून थुंकलं.

मी सरळ सईच्या खोलीत गेलो. "काय केलंस तू नळाला?"

ती रडायला लागली. "आजीच्या चहात मी असं करीन असं वाटतं तुम्हाला?"

खरं सांगायचं तर मला तसंच वाटत होतं.

वरच्या बाथरूमचं पाणी गोड होतं. शेजाऱ्यांच्या किचनचंही गोड. सोमवारी प्लंबर आला, पन्नाशीचा, डेक्लन नावाचा. आधी म्हणाला, "इट्ल बी ग्रँड," म्हणजे होईल सगळं ठीक. मग बोटाने चाखलं आणि त्याचा चेहरा बदलला. सिंकखालचा पाइप उघडला, जोड तपासले. मला म्हणाला, बाथरूमचं पाणी माळ्यावरच्या टाकीतून येतं, पण हा नळ थेट रस्त्यावरच्या मेन लाइनवर आहे. यात घरातून कोणी काही मिसळूच शकत नाही. आणि मेनमध्ये काही असतं तर सगळी गल्ली ओरडली असती. त्याने पैसे घेतले नाहीत, घाईने निघून गेला.

मग मी एक बाटली भरून, सील करून लॅबला पाठवली. शिवाय दोन लिटर पाणी पातेल्यात आटवलं. तळाशी अर्धी वाटी ओलसर, करडं मीठ उरलं. पुरावा म्हणून बरणीत ठेवलं. आईने ते मंगळवारी आमटीत वापरून संपवलं. मी किती ओरडलो असेन! ती शांतपणे म्हणाली, "मीठच हुतं की."

त्याच रागात मी पहिल्यांदा तिला विचारलं, "माझ्या बहिणीला दवाखान्यात का नेलं नाहीस?" सई जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिला आत्या होती हेच तिला माहीत नव्हतं. आईने डाव खाली ठेवला. म्हणाली, "तुझ्या बापानं गाडीभाडं दिलं न्हाई. देवऋषी गावातच हुता." तीस वर्षं मी तिच्यावर रागावलो होतो आणि हे एकदाही विचारलं नव्हतं.

बुधवारी सकाळी पाणी गोड. मी कोणाची माफी मागितलेली नव्हती, नवा बोल भरून ठेवलेला नव्हता, काहीच केलं नव्हतं. दहा दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला : साधं नळाचं पाणी, सगळं नॉर्मल.

हे ऐकून इथल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी पोरीवरून नारळ उतरवायला सांगितलं. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. दुसरा मित्र म्हणाला, मनाचे खेळ. चार माणसांच्या जिभेला एकच खेळ, आणि तोही एका परक्या प्लंबरसकट? त्याच्याशीही भांडलो.

सई यंदा कॉलेजला गेली. फॉर्ममध्ये धर्माच्या रकान्यात तिने पेगन लिहिलं. मला अजूनही पटत नाही, आमचे वाद होतात. फक्त आता तिचं बोलणं मी पूर्ण ऐकून घेतो, मग चिडतो.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणी कमेंटमध्ये शहाणपणा शिकवणार असेल तर एवढंच सांगतो — ते पाणी मी प्यायलोय.