साडूंच्या अळ्यांचं रक्त

पाहुण्याला चहा विचारण्याआधी त्याचे पाय ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवायला लावणारा माणूस पृथ्वीतलावर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. जन्मभर ते कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. निवृत्त झाल्यावर कार्ल्याच्या घरामागं पत्र्याची शेड उभारली, शेजारच्या तुकड्यात तुती लावली आणि रेशमाच्या अळ्या पाळल्या. अळ्या पाळणारे मावळात आणखीही आहेत. त्यांची रोज रक्ततपासणी करणारे हे एकटेच. कॉलेजनं मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक त्यांनी घरी आणलाय. अळीच्या पायाला सुई टोचायची, फिकट पिवळा थेंब काचेवर घ्यायचा आणि डोळा लावायचा. वारा लागला की थेंब काळा पडू लागतो, म्हणून तेवढा वेळ घरात कुणी हाक मारायची नाही. मी एकदा दारातून "येऊ का?" एवढंच विचारलं, तर त्या वाया गेलेल्या थेंबाचं खापर अजून माझ्या डोक्यावर आहे.

थेंबात काय दिसतं ते त्यांनी मलाही दाखवलं. मला ठिपके दिसले. "ठिपके न्हाईत, पेशी हायत. राखणदार," ते म्हणाले. "बारका जंतू घुसला तर गिळत्यात. मोठा असला तर समद्या चिकटून घेरत्यात, हलू देत न्हाईत. पन अळी आपल्यासारखा डूख धरत न्हाई, येऊन गेलेला जंतू ध्यानात ठिवत न्हाई." अळी धरत नसेल, साडू धरतात.

हीच शिस्त ते गावातही चालवतात. एका रविवारी लेणी बघायला आलेल्या कुणीतरी मोटार त्यांच्या फाटकात आडवी लावली. साडू पुढं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, मागं टेम्पो, दोन्ही अंगांना दुचाक्या लावून मोकळे झाले. संध्याकाळी मोटारवाला गयावया करू लागला, तेव्हा त्याला ओट्यावर बसवून पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि जेवण होईस्तोवर पेशींवर व्याख्यान दिलं. सुटका त्यानंतर.

सगळ्यात कडक पहारा मात्र माझ्या मेव्हणीवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बायकोवर. तिच्या खोबरेल तेलाच्या वासाचा अळ्यांना त्रास होतो, म्हणून सहा वर्षं तिनं तुतीचा पाला दारापर्यंत आणायचा, आत जायचं नाही. "लगीन करून घरात आनलं, शेडात न्हाई," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

गेल्या हिवाळ्यात इंदुरीच्या एका मावशींचा फोन आला. त्यांच्या अळ्या मरून खडूसारख्या पांढऱ्या, कडक होत होत्या. बुरशी. साडू धावत गेले, अळ्या हातात घेऊन पाहिल्या, घरी येऊन आंघोळ केली, कपडे उकळले, चपला धुतल्या. डोक्यावरची लोकरीची कानटोपी तेवढी राहिली. धुतली की आटते म्हणून ती ते कधीच धुवत नसत. आठवड्यानं त्यांच्याच शेडमध्ये खालच्या फळीवर पांढऱ्या अळ्या दिसल्या. त्यांनी थेंब घेतला. पेशी बुरशीला घेरून काळ्या गाठी करून बसल्या होत्या, आणि कमी पडत होत्या. मी गेलो तेव्हा साडू टोपी मांडीवर घेऊन आंब्याखाली बसले होते. "आख्ख्या गावाचं पाय बुडवलं, आन् मीच घिऊन आलो," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी थट्टा सुचलीच नाही.

टोपी त्यांनी जाळली, दोनदा न्हाले, आणि तरीही स्वतःलाच शेडबंदी केली. अळ्या आठ दिवसांत कोष करणार होत्या. कुणीतरी आत जायलाच हवं होतं. मेव्हणी डोक्यावरून न्हाली आणि तेल न लावता आत गेली. मेलेल्या अळ्या चिमट्यानं वेचल्या, उरलेल्यांवर चुना भुरभुरला, ताजा पाला घातला. बुरशी लागलेली अळी खाणं सोडते, त्यामुळे अंगणात बसून साडू फोनवर एकच विचारत होते, "खात्यात का गं?"

"मी सांगून तुमाला खरं वाटायचं न्हाई. तुमीच ऐका," म्हणत तिनं फोन अळ्यांवर धरला.

अळ्या पाला कुरतडू लागल्या की बारीक करकर ऐकू येते. साडूंनी फोन कानाला घट्ट दाबला. मी काही बोलणार तर हात वर केला. बराच वेळ ऐकून झाल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सहा वर्सं तिला भाईर ठिवलं वो मी."

फोन चालूच होता. आतून मेव्हणी म्हणाली, "ऐकलं मी. आता पाय बुडवून पाला आना, आन् दारातच ठिवा."

साडूंनी उठून पाय बुडवले. पाला दाराशी ठेवला, आणि ती तो उचलून आत नेईपर्यंत तिथंच उभे राहिले.