हे मशीनने केलं नाही

"ए पोरी, आठे ये. हाऊ तुन्हा बाप शे ना?"

हर्षलभाऊने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. काउंटरभोवती त्याचे मित्र उभे होते. सगळ्यांचे दात दिसत होते. पडद्यावर माझा बा नाचत होता. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं. आणि त्याला बिलगून एक बाई. अर्ध्या कपड्यातली, सिनेमातल्यासारखी गोरी. बा तिच्या कमरेत हात घालून तिला फिरवत होता. गाणं घाणेरडं होतं. मध्येच बाने डोळा मारला.

माझ्या बाला डोळा मारता येत नाही. लहानपणी आम्ही बहिणी त्याला शिकवायचो. त्याचे दोन्ही डोळे मिटायचे.

"हस ना व, तोंड कसाले पाडी ऱ्हायनी?" हर्षलभाऊ म्हणाला. "गंमत शे. मशीननी करं."

मला हसू आलं नाही. मी परत कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. समोर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर अर्धा पडला होता. तो पूर्ण केला.

घाटाखाली खापर गावच्या बाजारात एका फोटो स्टुडिओत मी कामाला होते. लग्नाचे अल्बम, बॅनर, पासपोर्ट फोटो. मालकाला सगळे शेठ म्हणत. हर्षलभाऊ त्यांचा पुतण्या. आमच्या पाड्यातून मोलगीकडच्या रस्त्याला यायचं, जीप पकडायची, घाट उतरायचा आणि दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे गोरे करायचे. हे माझं काम. गोरे करून मागत सगळे. शेठ मला कामसू म्हणायचे. डोंगरातली असून कामसू. हे "असून" ते कधीच विसरत नसत.

त्याच आठवड्यात एका व्याख्यानाचा बॅनर आला होता. कृत्रिम बुद्धिमत्ता शाप की वरदान, असं काहीतरी. अक्षरं मीच बसवली. शेठ तो बॅनर बघून उसासा टाकत म्हणाले होते, "आते फोटो काढाले कोन ई? मशीनच सगळं करी दी. आपला धंदा बसना." खरंच काळजीत होते. गिऱ्हाइकांपाशीही तेच बोलायचे. मशीन माणसाला खाऊन टाकेल म्हणायचे. मग पुतण्याच्या मोबाइलमध्ये डोकावले आणि पोट धरून हसले. तेव्हा त्यांच्या बोलण्यातला माणूस कोण ते मला कळलं. आम्ही त्यात नव्हतो.

आता बाचं सांगते. ते कळल्याशिवाय या हसण्याचा घाव कळणार नाही.

माझी धाकटी बहीण सुनी. तिला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. लहान असताना एकदा ती इतकी आजारी पडली की नंदुरबारच्या दवाखान्यात तिला परत घेऊन जा म्हणाले. बा तिला खांद्यावर टाकून घाट चढला आणि त्याने काठी गावच्या होळीला नवस बोलला. पोरगी जगली तर पाच होळ्या बुध्या होईन. सुनी जगली. डॉक्टरांनी, गोळ्यांनी, कशाने जगली ते तुम्ही ठरवा. बाने नवस फेडायला घेतला.

बुध्या व्हायचं म्हणजे नुसतं अंग रंगवून नाचायचं नसतं. होळीआधी पालनी पाळावी लागते. खाटेवर बसायचं नाही. पायात काही घालायचं नाही. आंघोळ करायची नाही. बाईच्या हातचं खायचं नाही, बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. त्या दिवसांत बा अंगणात तीन दगडांवर स्वतःची भाकरी भाजायचा. आई पिठाचं टोपलं लांब ठेवायची आणि मागे सरायची. ज्या पोरीसाठी नवस, तिलाही जवळ घ्यायचं नाही. सुनी दारात उभी राहून त्याला हात करायची. तोही हात करायचा. दोघं असे हसायचे की आईला काम सुचत नसे.

बाची आणखी एक समजूत होती. पालनीत कुणावर रागवायचं नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही. म्हणून काठीला हर्षलभाऊ कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, काका इकडे बघा, काका वळा, काका हसा, तेव्हा बा वळला. बा हसला. आपल्या पोरीच्या मालकाचा पुतण्या आहे म्हणून थोडा जास्तच हसला. शेवटचं वर्ष होतं. नवस फिटला होता. घरी येऊन त्याने आंघोळ केली आणि सुनीला पोटाशी धरलं. किती तरी वेळ सोडलंच नाही.

त्यानंतर तो व्हिडिओ आला.

मी घरी काही बोलले नाही. बोलायची गरजच पडली नाही. मोलगीच्या बाजारात एका पोराने बाला अडवून दाखवलं. बा मीठ घ्यायला गेला होता. मीठ न घेता आला. अंगणातच बसला. आत येईना. आई पाणी घेऊन जवळ गेली तर त्याने हात वर केला, लांब राहा म्हणून.

मी त्याला समजावलं. बा, ते खोटं आहे. फोटोवरून बनवतात. तू नाचलाच नाहीस. तिथे बाई नव्हतीच.

तो आमच्या बोलीत हळूच म्हणाला, "तो मी नाही. पण तो माझाच आहे ना?"

मी त्याच्यापासून हातभर लांब जमिनीवर बसले.

"पालनीचंच अंग आहे ते," तो म्हणाला. "तीच राख. तीच घुंगरं. सगळ्यांनी त्याला बाई धरताना पाहिलं. होळीमातेने पाहिलं नसेल?"

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तू तिथेच कामाला आहेस. मला त्यातून बाहेर काढ."

जाणती माणसं बसली. कुणी म्हणालं खोटं आहे, नवस फिटला. कुणी गप्प राहिलं. त्या गप्प राहणाऱ्यांचंच बाने ऐकलं. तो म्हणाला, नवस मोडला. पुढच्या होळीला पुन्हा बुध्या होईन आणि तोवर पालनी पाळीन. वर्षभर. सगळ्यांनी सांगून पाहिलं की असं कुणी करत नाही. आंघोळ तेवढी त्याने मान्य केली. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. जीपमध्ये ठरवलं होतं, भांडायचं नाही. एकच मागायचं. आमच्याकडे कुणी कुणाचं वाकडं केलं तर पंचांपुढे येऊन स्वतःच्या तोंडाने सांगतो, मी केलं. तेवढ्याने पुष्कळ काही सुटतं.

मी म्हणाले, "हर्षलभाऊ, आमच्या पाड्यावर चला. बापुढे आणि पंचांपुढे सांगा की हे तुम्ही बनवलं. त्याचा नवस मोडलेला नाही एवढं त्याला पटलं पाहिजे."

त्याने मोबाइल काउंटरवर ठेवला.

"मी तठे डोंगरमा जाईसन हात जोडू? त्या लोकेस्नापुढे? मी काय करं? फोटो टाका, मशीननी नाचाडं!"

"मग काढून टाका."

"मन्हा मोबाइलमधून काढस. बाकीसना मोबाइलमा मी कसा जाऊ?"

शेठ तोवर पुढे आले. समजूतदार माणूस. आवाजात साखर. "आते झगडा नको. असं कर. दुसरा व्हिडिओ बनाडी टाक. तुन्हा बाप होळीपुढे हात जोडी उभा ऱ्हाई. गावले दखाड. नवस फिटना! तू तं शिकेल शे. तूच बस कॉम्प्युटरवर."

आणि त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. माझ्यासाठी त्या दुकानात कुणी खुर्ची ओढण्याची ती पहिली वेळ.

पडद्यावर बाचे फोटो उघडलेच होते. काठीचे. वळलेला बा. हसणारा बा. पाठमोरा बा. त्याने कुणाला नाही म्हटलं नव्हतं त्या दिवसांतले. मी ते बघत उभी राहिले. वाटलं, हे किती सोपं आहे. बटण दाबायचं, बा हात जोडेल. सुनीला उचलूनही घेईल. मी सांगीन ते करेल. आणि खरा बा अंगणात तीन दगडांपाशी बसून राहील.

"मी बनवणार नाही," मी म्हणाले.

"कसाले?"

"माझ्या बाला नाचवताना तुम्ही त्याला विचारलं नाही. हात जोडायचं मीही त्याला विचारलेलं नाही. तो मेंढरू नाही, की तुम्ही इकडून दोरी ओढाल आणि मी दुसरीकडून ओढीन."

सकाळी दुकान मी उघडायचे म्हणून चावी माझ्याकडे असायची. ती काउंटरवर ठेवली. हर्षलभाऊ मागून म्हणाला, हसत नव्हता आता, "जास्ती बोलशी तं तुन्हा बी बनाडसू. मंग दखाडजो तोंड."

ते ऐकून मी घाबरले. खोटं कशाला सांगू. घरी जाताना जीपमध्ये स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधला आणि पुढे कितीतरी महिने सोडला नाही. बाजारात, दवाखान्यात, पाण्यावर. कुणी मोबाइल काढला की पाठ फिरवायची. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेले, तिथेही स्कार्फ बांधूनच गेले. तिथेही पहिला प्रश्न तोच. मशीननेच बनवलं ना? मग नाव कुणाचं लिहायचं? मी हर्षलचं नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं की नाही, माहीत नाही.

आणि आणखी एक झालं. बाचा खरा फोटो, पहिल्या वर्षीच्या होळीचा, आमच्या भिंतीवर आहे. पाहुणे आले की तो बघून हसून विचारतात, हाही मशीनचाच का? बाने पाच वर्षं पाय भाजून घेतले. आता त्यातलं एकही वर्ष लोकांना खरं वाटत नाही.

पावसाळ्यात सुनीची हाडं दुखतात. यंदा फार दुखली. ती अंगाचं मुटकुळं करून ओरडत होती. गोळी दिली, शेकलं. ती बाला हाक मारत होती. दुखलं की तिला बाच लागतो, त्याने पाठीवर हात फिरवला की ती निजते. बा दारापर्यंत आला. पावसात उभा राहिला. चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. आत मात्र आला नाही. आई ओरडली त्याच्यावर. मीही ओरडले. तो रडत होता आणि म्हणत होता, माझ्यामुळे तिला दुखतंय, मी शिवलो तर मरेल.

सुनी ओरडून ओरडून थकली आणि तशीच झोपली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले. माझा हात तिला चालत नव्हता.

त्या दिवशी मी स्कार्फ चुलीत टाकला.

सगळे म्हणतात मशीनने केलं. दुकानात तेच, ठाण्यात तेच, जीपमध्ये तेच. मशीन वाईट, दिवस वाईट आले. मशीनला आमचा बा माहीत होता का? काठीचा रस्ता माहीत होता का? कॅमेरा घेऊन हर्षल आला. काका हसा, हर्षल म्हणाला. फोटो हर्षलने टाकला, बाई हर्षलने मागितली, मित्रांना हर्षलने पाठवला. मशीनच्या मागे लपायला जागा झाली आहे, आणि ती जागा त्यांच्यासाठीच आहे. आमच्यासाठी अंगण.

होळी जवळ आली आहे. बाने मोरपिसं काढून साफ केली. पाय पार फुटलेत. या होळीला त्याचा नवस फिटेल, असं तो म्हणतो. फिटो. सुनी दारात बसून दिवस मोजते आहे.

मी काठीला जाणार आहे. ढोल थांबतील तेव्हा बुध्यांच्या रिंगणाजवळ उभी राहणार आहे आणि मोठ्याने सांगणार आहे. आमच्या बोलीत आधी, मग मराठीत, मग अहिराणीत, म्हणजे खापरहून आलेल्यांनाही नीट कळेल. माझ्या बाने पालनी मोडली नाही. हे मशीनने केलं नाही. हे हर्षलने केलं. तो इथे येऊन स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत मी प्रत्येक बाजारात हेच सांगणार आहे. खापरच्या बाजारात त्याच्या दुकानासमोर आधी.

तिथे मोबाइल वर होतील, मला माहीत आहे. माझा चेहराही त्यांच्या हाती जाईल. जाऊ दे. त्याचं काय करायचं ते करा. मी तोंड झाकणार नाही.