खिचडीची वाफ आणि तपकिरी चष्मे

‘मुलांच्या हक्कांच्या दृष्टीने नेत्रसेवेचं मूल्यमापन’ असं भारदस्त नाव असलेलं काम साहेबांनी गळ्यात मारलं, तेव्हा मी एकच प्रश्न विचारला, “नांदगावला जाताना चांगला चहा कुठे मिळतो?” मी नाशिकच्या एका छोट्या संस्थेत काम करते. पूर्वी मुलांचे डोळे तपासायला आईबापांना रोजंदारी बुडवून शहरात यावं लागायचं. आता तपासणी शाळेतच होते आणि चष्माही तिथेच, फुकट मिळतो. मुलं तो वापरतात का, हे बघायला मी निघाले.

जायचं असेल तर थंडीत जा आणि सकाळची येवल्याची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे भजी खाताना मन खात नाही. विंचूरला कांद्याचे ट्रॅक्टर रस्ता अडवतात. चिडून उपयोग नाही. येवल्यात गाडी बदलून नांदगाव आणि पुढे काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि ‘भरली’ कधी म्हणायचं हे फक्त ड्रायव्हर ठरवतो. मांडीवर कुणाचीतरी पिशवी, पिशवीत जिवंत कोंबडी, अशी माझी वरात शाळेत पोचली.

शाळेत पोरं चष्मे लावून बसलेली. सगळ्यांची फ्रेम एकच, तपकिरी. निम्मं मूल्यमापन झालं म्हणून मी खूश! तेवढ्यात पाचवीतल्या कोमलची आई, मंदाताई, तरातरा आत आली.

“मॅडम, ह्यो चष्मा परत घ्या. पोरीचं डोकं लय दुखतंय, दिसत तर कायबी नाय. उद्यापासनं चष्मा बंद, शाळाबी बंद. घरी शेळ्या हायेत.”

कोमल खाली मान घालून उभी. तिच्या वर्गाच्या शिंदे मॅडम मला हळूच म्हणाल्या, “फळा दिसायचा नाही म्हणून पोट दुखतंय सांगून घरी राहायची. चष्म्यानंतर पहिले काही दिवस छान आली. मग काय झालं कोण जाणे.” माझी खुशी तिथेच उतरली. मंदाताईंना म्हटलं, पोरीला जेवू तरी द्या.

खिचडी मस्त होती, पण थंडीत तिची वाफ चष्म्यावर बसायची. त्यामुळे सगळ्यांनी चष्मे काढून कठड्यावर ठेवले. जेवणं झाली आणि एकच झुंबड उडाली. ज्याच्या हाताला जो लागला, तो नाकावर.

“अरे, स्वतःचा घ्या ना!” मी ओरडले.

“सगळे सारखेच हायेत की ताई,” साहिल नावाचा पोरगा म्हणाला. “जो आधी गावंल तो आपला. आमचं रोज असंच असतं.”

मला हसू आवरेना, आणि रागही आला. पोरांचा नाही, आम्हा मोठ्यांचा. आणले एकाच रंगाचे, वाटले आणि मोकळे झालो.

चष्मे गोळा करायला घेतले. डोळे तपासून गेलेल्या तपासनीसाला फोन करून पुन्हा बोलावलं. पण सगळ्यात जाड काच कोमलची, एवढं मॅडमना पक्कं आठवत होतं. ती होती साहिलच्या नाकावर, आणि तो खांबाला धडकत ऐटीत फिरत होता. कोमलने चष्मा लावला आणि मैदानापलीकडे उभ्या आईकडे बघितलं.

“आये, तुझ्या साडीवर मोर हायेत?”

“चार वर्सं नेसतीय ही साडी! आज दिसले व्हय?” मंदाताई म्हणाल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

निघताना कोमलला विचारलं, तुला कोणता रंग आवडला असता? ती आधी मागे वळून बघायला लागली, मी दुसऱ्या कुणाला विचारतेय की काय म्हणून. मग म्हणाली, “हिरवा.”

घरी पोचेपर्यंत अंगाचं भरीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी अहवालात लिहिलं: फ्रेमचा रंग मुलांना निवडू द्यावा. साहेब म्हणाले, “हक्कांच्या अहवालात रंग? पोरकट वाटतं.” म्हटलं, “पोरांचंच काम आहे, साहेब.” मंजुरी अजून लटकलेली आहे.

मॅडमचा मात्र फोन आला. कोमल रोज येते. आता प्रत्येक चष्म्याच्या दांडीला वेगळ्या रंगाचा दोरा आहे. सुरुवात मंदाताईंनी केली. बाजारातून दोऱ्याची रिळं आणली, लेकीसमोर मांडली आणि म्हणाल्या, “तुला कंचा पायजेल, तू सांग.”