बर्फाची निळी पेटी

भाषण संपलं होतं. ते चांगलं झालं असं माझं मत होतं, आणि त्या सभागृहात ते फक्त माझंच होतं. मी हात जोडले, समोर बसलेल्या पोरांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "कुणाला काही विचारायचं आहे का?" कुणालाच नव्हतं. शांतता लांबली की मला ती सोसत नाही. शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तोंड मिटून उभं राहण्याची सवय नसते. तेव्हा माझ्या तोंडाने माझी परवानगी न घेता पुढचं वाक्य बोलून टाकलं, "लाजायचं काही नाही. बर्फ-सोडा लागला तर हाक मारा."

भाषणाचा विषय व्यसनमुक्ती होता.

सभागृह हसलं म्हणणं कमी होईल. मागच्या बाकांवरून आवाज आला, "काका, चखणा?" दुसऱ्याने ओरडून सांगितलं, "अरे, हे नागावचे होमस्टेवाले काका! यांच्याकडची तळलेली मांदेली एक नंबर!" शेजारी बसलेले हॉस्टेलचे रेक्टर टाळ्या वाजवायला हात वर घेऊन तसेच थांबले होते.

झालं होतं ते असं. नागावला आमची नारळी-पोफळीची लहानशी वाडी आहे. वाडीतल्या चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. सोमवार ते शुक्रवार मी शिक्षक असतो. शनिवारी दुपारी खोलीची चावी हातात देताना तेच पाठ केलेलं वाक्य म्हणतो: गरम पाणी सकाळी मिळेल, जेवणाचं आधी सांगा, लाजायचं काही नाही, बर्फ-सोडा लागला तर हाक मारा. इतकी वर्षं म्हणतोय की कुठल्याही भाषणाला ते शेपूट आपोआप जोडलं जातं.

पण हसणाऱ्यांचं मला एवढं काही वाटलं नाही. तिसऱ्या रांगेत मान खाली घालून एक पोरगा बसला होता, त्याचं वाटलं. तो माझा होता.

पनवेलच्या पलीकडे त्याचं इंजिनिअरिंग कॉलेज. हॉस्टेलच्या खोलीत तो पिऊन पडलेला सापडला, दुसऱ्यांदा. रेक्टरांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "पुढचा आठवडा घरी ठेवा, त्यानंतरच्या सोमवारी पाठवा. तिसऱ्यांदा सापडला तर हॉस्टेल बंद." हॉस्टेल गेलं म्हणजे कॉलेज गेलं, नागावहून रोज पनवेल गाठणं कुणाला जमणार? मी मान हलवली. मग बोलण्याच्या ओघात मी शिक्षक आहे, वक्ता म्हणून थोडंफार नाव आहे, हे सांगायला मी विसरलो नाही. ते म्हणाले, आलाच आहात तर मुलांशी दोन शब्द बोला. दोन शब्दांवर मी आजवर कधी थांबलेलो नाही.

भाषणात माझं म्हणणं एकच होतं: इच्छाशक्ती. मनात आणलं की सगळं होतं. पुरावा म्हणून मी स्वतःलाच उभं केलं. वीस-बावीस वर्षांची तंबाखू मी एका दिवसात सोडली, चुन्याची डबी वाडीच्या विहिरीत भिरकावली. हा किस्सा मी लग्नांत, बारशांत आणि एकदा तेराव्यालाही सांगितलेला आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. अलिबागच्या अलीकडची कार्लेखिंड आली. मग म्हणाला, "बाबा, मला सोडायचीच आहे. तुम्ही भाषण करायच्या आधीच ठरवलं होतं मी."

"मग प्रश्नच मिटला!" मी म्हणालो.

"नाही मिटला. तळमजल्यावर कबड्डीवाल्या पोरांच्या खोलीत एक कॉट रिकामी आहे. मला तिथे जायचंय. रेक्टर म्हणतात, वडिलांनी सांगितलं तर देतो. तुम्ही सांगा त्यांना."

"खोली बदलून माणूस बदलतो काय रे?"

"शाळेत असताना खेळायचो ना मी. ती पोरं संध्याकाळी मैदानावर असतात. येतात, जेवतात, झोपतात. मला तेवढंच हवंय."

"म्हणजे पळून जायचं! आपल्याच खोलीत, त्याच पोरांत राहून नाही म्हणून दाखव. त्याला निश्चय म्हणतात."

तो पुन्हा खिडकीकडे वळला. मला वाटलं, पटलं. पोरं गप्प झाली की पटलं असं समजायचं, हे मी वर्गातून शिकलो आणि तेवढं एकच चुकीचं शिकलो असं नाही.

घरी येताच मी त्याला देव्हाऱ्यापुढे उभं केलं. वाडीतला ताजा नारळ आणला, त्यावर हात ठेवायला लावला आणि शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नव्हतं. ते मी आजही सांगेन. माझ्या बायकोने सगळं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि म्हणाली, "झालं नाटक? मग तो नारळ इकडे द्या, चटणीला नाहीये." मी तिच्याशी त्या संध्याकाळी बोललो नाही. तिने त्याची दखलही घेतली नाही, हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. वाशीची कॉलेजची पोरं येणार होती, दोन खोल्या. मला ही पोरं आवडत नाहीत, हे मी इथे लिहून ठेवतो. टॉवेलने गाडी पुसतात. पोफळीच्या बुंध्याला बाटल्या मारून फोडतात आणि मग अनवाणी चालतात. माझ्या नातेवाइकांनी मला जितक्या वेळा काका म्हटलेलं नाही तितक्या वेळा म्हणतात आणि एकदाही ऐकत नाहीत. त्यांच्याच जिवावर आमचं छपराचं काम झालं, म्हणून राग दुप्पट.

आमच्याकडे बर्फाचं काम मुलाचं. लहानपणापासून. लादी आणायची, टोच्याने फोडायची, निळ्या पेटीत भरायची, आणि हाक आली की खोलीवर पोचवायची. बायको सकाळीच म्हणाली, "आज त्याला खोल्यांवर पाठवू नका."

"का? हीच तर परीक्षा आहे. हातात बर्फ आणि तोंड कोरडं!"

"तुम्ही शाळेत परीक्षेच्या आधी पोरांच्या हातात गाईड देता का?"

"विषय वेगळा आहे."

"विषय तोच आहे. तुम्हाला नापास करायची हौस आहे."

आता त्या टोळ्यांची रीत सांगायला हवी. बर्फ आणणाऱ्याला पहिला ग्लास. पैसे नाही देत, ग्लास देतात. आणि तो नाकारला तर त्यांना अपमान वाटतो. "दादा, आमच्या हातचा नाही चालत का? वाडीवाले लोक मोठे!" मला हे माहीत होतं. मी स्वतः दर वेळी डोकं दुखतंय सांगून सुटतो. मुलाला मात्र मी निश्चय देऊन पाठवलं.

रविवारी सकाळी तो झोपाळ्यावर सापडला. पाय खाली लोंबत होते, उशाला निळी पेटी. वास मला विहिरीपाशीच आला.

मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. कुळाचा उद्धार झाला, फीचा झाला, नारळाचा झाला. वाशीच्या पोरांनी खोलीची खिडकी उघडली, पाहिलं आणि हळूच लावून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही हळू केलं असेल.

"तुला इच्छाच नाही!" मी शेवटी म्हणालो.

तो उठून बसला. त्याचा आवाज घोगरा होता, पण माझ्यापेक्षा खालचा होता. "इच्छा होती. दुपारी होती, संध्याकाळी होती. तुम्ही किती वेळा पाठवलंत मला तिकडे? प्रत्येक खेपेला नाही म्हटलं मी. तुम्ही घरातून विचारत होतात, बर्फ पोचला का रे. मी पोचवत होतो. शेवटी त्यांनी ग्लास हातातच दिला आणि सगळे टाळ्या वाजवत बसले. घेईपर्यंत थांबेनात."

"उठून यायचं."

"कुठे? घरी? तुम्ही पुढची पेटी भरून ठेवली होती."

मी काहीतरी बोलणार होतो, पण तो थांबेना. "हॉस्टेलवर पण हेच आहे. चार कॉट आहेत, तीन जण पितात. सात वाजले की मेसला जायला सोबत कुणी नाही, बसले की मग ते बसलेलेच. एकट्याने कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडायचं. मी पडलो तसा, पडलो नाही असं नाही. पण रोज? तुम्हाला वाटतं मी ठरवत नाही. मी रोज सकाळी ठरवतो. मला तिथून उठायला कुठेतरी जागा द्या, बाबा."

"मी तंबाखू सोडली तेव्हा मला कुणी जागा दिली नव्हती!"

हे मी बोललो आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. ती हात पुसत बाहेर आली. इतक्या वर्षांत हा किस्सा तिने प्रत्येक लग्नात, बारशात आणि त्या तेराव्याला गप्प ऐकला होता.

"तुम्ही सोडली?" ती म्हणाली. "नाक्यावरची टपरी वादळात उडाली होती. आख्खी. पत्रा शेजारच्या वाडीत सापडला. झाडं पडून रस्ता बंद, अलिबागला जाता येईना, घरात चिमूटभर तंबाखू नाही. पंधरा दिवस घर डोक्यावर घेतलं होतंत. विहिरीत फेकली ती डबी रिकामी होती. रस्ता सुरू झाला तोवर टपरीवाला रेवदंड्याला गेला होता, आणि तुम्हाला रेवदंड्यापर्यंत जायचा कंटाळा."

मुलगा हसला नाही. हसला असता तर मला चिडता आलं असतं.

"तेव्हा मनही होतं," मी म्हणालो.

"असेल. मन होतं आणि टपरी नव्हती. याच्याकडे मन आहे आणि घरातच टपरी आहे. रेक्टरांना फोन करा."

फोन मी केला नाही. रविवारी केला नाही, सोमवारी केला नाही. का, ते सांगतो: ज्या माणसाने त्यांच्या सभागृहात उभं राहून इच्छाशक्तीवर पाऊण तास घेतला, त्याने त्यांनाच फोन करून म्हणायचं की माझ्या मुलाला जरा दुसरी कॉट द्या? शिवाय बर्फ-सोडा ते विसरले नसणार. मुलाने पुन्हा विचारलं नाही. आठवडाभर तो वाडीत सुपारी गोळा करत फिरला, दिवस मावळला की आईजवळ ओट्यावर येऊन बसे आणि तिच्याबरोबर वालाच्या शेंगा सोलत असे. माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. जेवताना ताट घेऊन तो पडवीत जायचा. आमच्या घरात इतकं कमी बोललं गेल्याचं मला आठवत नाही, आणि बोललं गेलं ते सगळं मला उद्देशून दुसऱ्याला सांगितलेलं असायचं. "त्यांना सांग आमटी वाढून घ्या म्हणावं."

शनिवार आला. या वेळी पुण्याची पोरं. चावी दिली, वाक्य म्हटलं, आणि बर्फापाशी येऊन जीभ चावली. त्यातला एक दांडगा होता, त्याने धरलंच. "काका, बर्फ-सोडा?"

"नाही ठेवत आम्ही."

"असं काय काका! मागच्या वेळी माझा भाऊ आला होता, तो म्हणाला, इथे सगळी सोय आहे. म्हणून तर आलो. थोडा तरी द्या. नाहीतर आम्ही काशीदला जातो."

आता खरं लिहितो. मी विरघळलो. दोन खोल्या, दोन दिवस, आणि वर त्यांची जेवणं. फक्त आजच्यापुरता, मीच नेऊन देईन, मुलाला त्यातलं काही कळू द्यायचं नाही, असं सगळं मनाशी बसवत मी मागच्या पडवीत गेलो. पेटी तिथे नव्हती. कोनाड्यात नव्हती, विहिरीपाशी नव्हती. टोचाही नव्हता. जिथे ती वर्षानुवर्षं असायची तिथे सुपारीच्या पोत्यांची थप्पी होती.

मी परत आलो आणि छाती काढून म्हणालो, "सांगितलं ना, नाही. काशीदला जायचं तर जा."

ते गेले. जाताना गाडीच्या खिडकीतून काहीतरी बोलले, ते मी ऐकलं नाही असं मी ठरवलं. फाटक लावून स्वयंपाकघरात आलो. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती; मुलगा सोमवारसाठी भरलेली बॅग पायाशी घेऊन कोपऱ्यात बसला होता. दोन दिवस आधीच भरली होती त्याने, कुठल्या खोलीत उघडायची हे माहीत नसताना.

"पाहिलंस?" मी म्हणालो, जरा मोठ्यानेच, म्हणजे दोघांनाही ऐकू जाईल असं. "दोन खोल्या सोडल्या. मनात आणलं की होतं!"

तिने भाकरी तव्यावर टाकली. हात धुतले. माझा फोन फळीवर होता तो उचलला, त्यात काहीतरी दाबलं आणि माझ्या कानाला लावला. मग म्हणाली, "पेटी मी बुधवारीच मासेवाल्या कोळणीला दिली. मागे पडवीत किती वेळ शोधलीत, ते इथून दिसत होतं. रेक्टरांना वाजतोय, बोला. कॉट मागा फक्त, भाषण करू नका."