न केलेली गृहभेट

राधा, चिन्मय — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. आज लिहिते आहे, कारण राधाचं पत्र आलं. राधा, तुझ्या दवाखान्यात डॉक्टर आणि समाजसेविका एकाच टेबलाशी बसून रुग्णाच्या मनाचा विचार करतात, आणि ‘आजी, तू तर हे अकोल्यात केव्हाच करत होतीस!’ असं तू कौतुकाने लिहिलंस. करत होते. चांगलं करत होते. पण ते कौतुक मुकाट्याने ठेवून घेणं मला जमेना.

आधी कामाची रीत सांगते. डॉक्टर रुग्ण तपासत, मी घर बघायचे. सांभाळणारं माणूस आहे का, गोळ्या वेळेवर दिल्या जातील का — माझ्या अहवालावरून डॉक्टर ठरवत, की घरी ठेवून उपचार करायचे की दूरच्या मनोरुग्णालयात पाठवायचं. त्या एका कागदाने बाईचं घर सुटू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं का? पुरतं ठाऊक होतं.

सुभद्रा बार्शीटाकळीची. बाळंतपणानंतर तिचं बोलणं थांबलं. पोरीला जवळ घेईना. नवरा मजूर. तो म्हणाला, "घरी माही वयनी हाय. थे सांभायते दोघींले." डॉक्टर मला म्हणाले, बघून या.

गेले — गावापर्यंत. ओळखीच्या एका पाटलांकडे उतरले. चहा-पोहे झाले. सुभद्राचं घर बौद्ध वस्तीत, तिथून दहा मिनिटांवर. पाटलीणबाई म्हणाल्या, "कायले जाता उन्हातानात? थे सारे मजुरीले जातात. घरी कोनी राहात नाई." आणि मी त्यांच्याच ओसरीवर बसून, सुरेख इंग्रजीत लिहिलं — घर पाहिलं, सांभाळणारं कोणी नाही.

ऊन होतं. पण उन्हाला मी कधी भ्याले होते? कारण दुसरं होतं, आणि ते मला तिथे बसल्या बसल्याच कळत होतं. त्या घरी पाण्याचा पेला पुढे आला असता. मला तो प्यायचा नव्हता. धर्मांतराला चार-पाच वर्षं झालेली. अमरावतीला समतेवर मी भाषणं केली होती, टाळ्या घेतल्या होत्या — आणि तरी नव्हता प्यायचा. तो नाकारताना दिसायचंही नव्हतं. म्हणून मी गेलेच नाही.

नवऱ्याच्या शब्दापुढे माझा कागद वजनदार ठरला. सुभद्राला पाठवून दिलं.

आठ दिवसांनी तिची मोठी जाऊ, चंद्रभागा, पोरीला कडेवर घेऊन दवाखान्यात आली.

"बाई, तुमी आमच्या घरी आल्या होत्या म्हने?"

"आले होते. दाराला कुलूप होतं."

ती हसली. खरंच हसली. "आमच्या दाराले कुलूपच नाई, बाई. चोरानं न्यावं असं हाय तरी काय घरात?" मग हळू म्हणाली, "तुमी येनार म्हनून मी चार दिस मजुरीले गेली नाई. घर सारवून बसून राहिली. आता सुभद्राले कवा आनू?"

काय उत्तर दिलं मी? "ते डॉक्टर ठरवतील."

डॉक्टर शेजारच्या खोलीत होते. भिंत एवढीशी. उठून ‘मी गेलेच नव्हते’ एवढं म्हणायचं होतं. नोकरी गेली नसती बहुधा. नाव गेलं असतं. मी पुढच्या रुग्णाला हाक मारली.

सुभद्रा दोन वर्षांनी परत आली. बरी होऊन. मग दर महिन्याला गोळ्या न्यायला माझ्याच टेबलासमोर बसायची — शांत, नीटनेटकी. "बाई, तुमची तब्येत कशी हाय?" असं विचारायची. मी तिला कधी सांगितलं नाही. चंद्रभागेनेही सांगितलं नसावं. का, ते मला माहीत नाही. त्यानंतर मी शेकडो घरी गेले. मिळेल ते पाणी प्यायले. याने त्या दोन वर्षांतला एक दिवसही परत आला नाही.

ती पोर, सुजाता, आता अकोल्यात शाळेत शिकवते. दोघी म्हाताऱ्या तिच्याकडेच असतात. चंद्रभागेला ती माय म्हणते. जिने तिला जन्म दिला, त्या सुभद्राला अजूनही काकू म्हणते.