संकष्टी आणि शुगरची गोळी

डायबिटीस झाला तरी मी संकष्टी सोडली नाही. जिद्द म्हणा, खोड म्हणा. त्या पौषातल्या चतुर्थीला रोजची गोळी इमानेइतबारे घेतली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. चंद्रोदयाची वेळ टळून गेली, पण दिल्लीच्या धुक्यात चंद्र दिसेना, आणि दर्शनाशिवाय उपास सोडायचा कसा? सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर मी हट्टाने उभी राहिले. हातपाय कापू लागले, कडाक्याच्या थंडीत घाम फुटला, आणि मी खालीच बसले. नवऱ्याने साखरेचं पाणी पाजलं तेव्हा कुठे जीवात जीव आला.

त्यानंतर मी माझ्याच शरीराला भ्यायले. भाजी आणायलाही एकटी जाईना. नवरा ऑफिसातून सारखा फोन करायचा. त्यातच त्याला आठवडाभराची टूर आली. ती रद्द करतो म्हणाला, तेव्हा मात्र मला स्वतःचीच चीड आली.

दवाखान्यात शनिवारी डायबिटीसच्या पेशंटचा वर्ग भरायचा. उपास बंद करा असं सुनावतील, म्हणून मी भांडायच्या तयारीनेच गेले. शिकवणाऱ्या पंजाबी बाईंनी उलट विचारलं, उपासाला गोळीचं काय करता? शुगर वाढते एवढंच मला ठाऊक होतं. उपाशीपोटी माझी गोळी ती पार खाली आणू शकते, हे तिथे कळलं. शुगर कमी होण्याची लक्षणं, बोट टोचून मशीनवर बघणं, ग्लुकोज घेऊन थोड्या वेळाने पुन्हा तपासणं, मग खाणं, हे बाईंनी आमच्याकडून घोकून घेतलं. उपासाच्या दिवसाची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. शुगर उतरली तर चंद्राची वाट बघणार नाही, हे मी गणपतीलाही सांगून टाकलं.

टूरच्या आदल्या दिवशी मी एकटीच बाजारात गेले, घासाघीस करता करता जेवणाची वेळ टळली आणि हात थरथरू लागले. घाबरले, खोटं कशाला बोलू? पण काय करायचं ते ठाऊक होतं. दुकानाच्या पायरीवर बसून पर्समधलं मशीन काढलं, बोट टोचलं, ग्लुकोज घेतलं, पुन्हा तपासलं. आकडा वर आला होता. मग पराठा खाल्ला आणि नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "अच्छा. म्हणजे मी गेलो तरी चालेल."

"बिल्कुल. फक्त सारखा फोन करू नकोस."

संध्याकाळी त्याने बॅग भरायला काढली. मला इतकं हलकं वाटलं, की त्याचे मोजे कुठे आहेत हेही मी न चिडता सांगितलं.