साखरपुड्याचा पुरावा

अमेरिकेचा व्हिसा पहिल्यांदा नाकारला तेव्हा असा संताप आला की काय सांगू! काचेपलीकडच्या साहेबानं विचारलं, "शिक्षण संपल्यावर परत कशावरून याल?" मी म्हटलं, आईवडील इथं आहेत, गावी, आळ्याला शेती आहे. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर पुढं केलं. त्यानं ते उलगडलंसुद्धा नाही. त्या वर्षी नियम आवळले होते आणि बिनलग्नाच्या, बिननोकरीच्या पोरीला माघारी आणणारं काही त्याला दिसेना. पासपोर्ट परत हातात दिला.

घरी आले तर मंचरहून मामा आलेला. मामाची कांद्याची आडत, त्यामुळे जगातला कुठलाही सौदा आपल्याशिवाय पुरा होत नाही ही त्याची खात्री. त्यानं सगळं ऐकून मांडीवर थाप मारली.

"सायब काय चुकीचं बोलला न्हाई! पोरीचा साखरपुडा उरकू. फोटो लावू फायलीत. नवरदेवाचा सातबारा पण जोडू. मग बघतो कसा देत न्हाई!"

"मामा, तिथं कुणी अल्बम बघत नाही."

"तुझा सातबारा तरी कुठं बघितला? मग येगळं कायतरी नको दाखवायला?"

घ्या! स्थळही तयार होतं, जुन्नरचं, द्राक्षबागवालं. आई लगेच मुहूर्ताचं बोलायला लागली. चार दिवसांत गावभर झालं. शेजारची काकू तर मलाच समजावायची, "तिकडं जायला साखरपुडा लागतोच म्हणं आता. नवा नियम हाय." डोक्याला नुसता ताप! लग्न लांबवायला मी घरात जेवढी भांडले होते, ते सगळं त्या एका प्रश्नानं पाण्यात गेलं. मी पुन्हा अर्ज भरला होता; या खेपेला व्हिसा नाही मिळाला तर दिवाळीनंतर मांडव पडणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि आण्णा, माझे वडील, यात अवाक्षर बोलत नव्हते. त्यांचा तर मला जास्तच राग येत होता. मामानं पाहुण्यांना बोलवायचं काढलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आदी मुंबई, मग बगू." आणि माझ्याबरोबर निघाले.

या वेळी काचेमागं बाई होती. प्रश्न तोच. मी पाठ केलेलं सगळं विसरले. आमच्याकडं भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओततात, ते टिकवायचं शिकायला जातेय, मग तिकडं राहून करू काय, असं चक्क चिडून बोलले. बाईनं पासपोर्ट ठेवून घेतला. म्हणजे मिळाला!

बाहेर आण्णांना सांगितलं तर ते नुसते "बरं झालं" म्हणाले. एसटी माळशेज घाट चढून मढ गावाच्या पुढं आली, तेव्हा कुठं त्यांनी तोंड उघडलं.

"माघारी यायची घाई करू नको. आलीस की मामा पावणं घिऊन बसलेलाच आसंल."

"आण्णा! मुलगी परत येईल म्हणून तुम्हीच व्हिसासाठी स्टँपपेपरवर लिहून दिलंय ना?"

"दिलंय. म्हणून तर तोंडानं सांगतोय."

इतके दिवस गप्प बसून हे आत्ता बोलायचं होतं? मी खिडकीकडं तोंड केलं आणि आळेफाटा येईपर्यंत रडले.